जुन्या सागरी चार्टवरून मालवणचा किनारा खुल्या नकाशावर : जसं घडलं तसं

मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यातली किनाऱ्याची रेघ, बेटं, भरतीला बुडणारे आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक, दीपस्तंभ हे सगळं मार्च २०२४ पासून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या, म्हणजे कुणालाही भर घालता येईल आणि फुकट वापरता येईल अशा, नकाशावर आहे. कुठली गोष्ट कुठून घेतली आणि कशी तपासली, या नोंदींसह त्याचा पूर्ण डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. हे काम मी नोव्हेंबर २०२२ मध्ये हाती घेतलं. नोकरी पुण्यात आणि आजोळ मालवणचं, त्यामुळे शनिवार-रविवार आणि सणांच्या सुट्ट्या एवढाच वेळ हाताशी होता. सुरुवातीला मराठीत वाचायला काही सापडलं नाही, आणि पहिले काही आठवडे ‘हे करायला परवानगी लागते का?’ या एकाच प्रश्नात गेले. म्हणून ते उत्तर आणि पुढचं सगळं क्रमाने लिहिते आहे. महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरहून लांब आहे. मी केला तो त्यातला लहानसा तुकडा. उरलेल्यातलं काही कुणी हाती घेतलं तर फार बरं वाटेल.

गरज कुठे होती ते आधी सांगते. खुल्या नकाशावर मालवणसमोरचा समुद्र म्हणजे नुसता निळा रंग होता. सिंधुदुर्ग किल्ला दिसायचा, बाकी जवळजवळ काही नाही. प्रत्यक्षात मालवण बंदराचं तोंड खडपांनी, म्हणजे पाण्यातल्या खडकांनी, भरलेलं आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्यात या खडपांच्या संरक्षणाचा मोठा वाटा होता. आज याच पाण्यात मासेमारी आहे, पर्यटकांच्या होड्या आहेत, स्कूबावाले आहेत, १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे आणि दक्षिणेला देवबागचा झिजत चाललेला किनारा आहे. गावात किनाऱ्याबद्दल बैठक झाली की अधिकृत नकाशा कुठल्यातरी कार्यालयात असतो आणि लोकांच्या हातात मोबाइलवरचा तो निळा रंग. हे मला मनापासून खटकत होतं.

हक्काचा प्रश्न (नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३)

भारताचे सागरी चार्ट, म्हणजे जहाजं चालवण्यासाठीचे समुद्राचे नकाशे, नौदलाचं डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. नवे चार्ट विकत मिळतात, पण त्यांवरून गिरवून खुल्या नकाशावर काही टाकणं कॉपीराइटमध्ये बसत नाही. गूगलच्या उपग्रहचित्रावरूनही गिरवता येत नाही. त्यामुळे वाट एकच उरते : हक्काची मुदत संपलेले जुने चार्ट घ्यायचे आणि ते आजच्या खुल्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहायचे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपल्याकडे सरकारी प्रकाशनावरचा हक्क ६० वर्षं टिकतो, आणि ती वर्षं प्रकाशनानंतरच्या जानेवारीपासून मोजतात. ब्रिटनमध्ये प्रकाशित सरकारी कामावरचा क्राउन कॉपीराइट ५० वर्षांचा. म्हणजे इंग्रजी अमदानीत ब्रिटिश ॲडमिरल्टीने, म्हणजे तिथल्या नौदल खात्याने, छापलेला चार्ट दोन्हीकडे मोकळा आहे. इथे एक गोष्ट जपा. चार्टच्या शीर्षकात सर्वेक्षणाचं वर्ष ठळक असतं, पण मुदत मोजायची ती त्या आवृत्तीच्या छपाईपासून आणि तिच्यातल्या दुरुस्त्यांपासून. खालच्या समासात आवृत्तीचं वर्ष असतं, आणि डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लहान दुरुस्त्यांची वर्षं ओळीने दिलेली असतात. त्यातलं शेवटचं वर्ष पाहा.

दुसरा प्रश्न नकाशे काढण्याच्या परवानगीचा. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने भू-स्थानिक माहितीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानंतर नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. अचूकतेची मर्यादा मात्र घालून दिली आहे : आडव्या मापात १ मीटर, उंचीत ३ मीटर. त्याहून बारीक माहिती भारतीय संस्था-व्यक्तींनीच गोळा करायची आणि ती देशातच साठवायची. समुद्राच्या खोलीसाठी वेगळी मर्यादा आहे. किनाऱ्यापासून ५०० मीटरपर्यंत खोलीची उभी अचूकता १० मीटर, आणि त्यापुढे प्रादेशिक समुद्रात १०० मीटर. हे आकडे समोर ठेवल्यावर माझं काम कुठवर जाणार ते ठरलं. खडकांच्या जागा मी दहा-पंधरा मीटरपेक्षा बारीक देऊ शकणारच नव्हते, तेव्हा ते निर्वेध. जुन्या चार्टवरच्या खोल्या मात्र दोरीला बांधलेलं शिसं टाकून फुटाफुटाने मोजलेल्या आहेत, म्हणजे १० मीटरपेक्षा कितीतरी बारीक, आणि मला तर डेटा परदेशातल्या सर्व्हरवर ठेवायचा होता. शिवाय दीडशे वर्षांत तळ बदललेला, गाळ भरलेला. म्हणून खोल्यांचा एकही आकडा प्रसिद्ध करायचा नाही असं ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

तरीही लेखी काहीतरी हातात असावं म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला केंद्राच्या आरटीआय (माहिती अधिकार) पोर्टलवर अर्ज केला. शुल्क १० रुपये. प्रश्न दोनच : ६० वर्षांहून जुने महाराष्ट्र किनाऱ्याचे चार्ट पाहायला मिळतात का, आणि त्यांच्या वापरावर काही निर्बंध आहेत का. अर्ज कलम ६(३) खाली दुसऱ्या कार्यालयाकडे गेला. तिथून ३० दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. चार्ट विकत कुठे मिळतात ते त्यात होतं, निर्बंधांबद्दल एक शब्द नव्हता. मी कलम १९(१) खाली पहिलं अपील केलं. त्याला वेगळं शुल्क नाही, आणि उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत ते करावं लागतं. अपिलानंतर अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मुभा मिळाली. पहिला तास विनामूल्य, पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. प्रदेश, साल आणि कागदाचा प्रकार स्पष्ट लिहा, आणि झेरॉक्सऐवजी ‘तपासणी’ मागा. मोठ्या आकाराचा कागद झेरॉक्समध्ये तुकड्या-तुकड्यांत येतो आणि आपल्या कामाचा राहत नाही.

याच काळात, २८ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण जाहीर झालं. सार्वजनिक पैशातून तयार झालेली माहिती लोकांना सहज मिळावी, ही त्यातली दिशा वाचून हुरूप आला.

चार्ट वाचणं आणि जागेवर बसवणं

जो चार्ट शेवटी वापरला तो परदेशातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहातला, मोठ्या रिझोल्यूशनचा, ‘हक्कमुक्त’ अशी स्पष्ट नोंद असलेला स्कॅन. स्कॅन निवडताना चारही समास पूर्ण आहेत ना ते बघा. कडा कापलेला सुंदर स्कॅन आपल्या उपयोगाचा नाही. अक्षांश-रेखांशांच्या खुणा कडांवरच असतात.

या किनाऱ्याचं पहिलं बारकाईचं सर्वेक्षण ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडियन नेव्हीतल्या अधिकाऱ्यांनी केलं. ते आरमार १८६३ साली बंद झालं, आणि १८७४ मध्ये कलकत्त्याला सागरी सर्वेक्षणाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं. माझ्या चार्टमध्ये दोन्ही काळांचे थर आहेत. चार्ट समजून घ्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आणि तो वेळ सार्थकी लागला. चार्टवरची किनाऱ्याची रेघ भरतीच्या पाण्याची, आणि खोल्या मात्र ओहोटीच्या पाण्यापासून मोजलेल्या. मधला पट्टा कधी कोरडा, कधी पाण्यात. अधोरेखित आकडा दिसला तर ती खोली नसून ओहोटीला ती जागा पाण्याच्या किती वर येते ते असतं. खोल्या वावात आहेत; एक वाव म्हणजे सहा फूट, १.८२८८ मीटर. खडकाची चिन्हं तीन-चार प्रकारची. साधी फुली म्हणजे कायम पाण्याखालचा, चांदणीसारखी म्हणजे भरतीला झाकणारा आणि ओहोटीला दिसणारा. आजच्या चार्टांसाठी ‘आयएनटी १’ ही आंतरराष्ट्रीय चिन्हसूची आहे. जुनी चिन्हं तिच्याशी बरीचशी जुळतात.

मला सगळ्यात आवडली ती दोन संक्षेपाक्षरं, ‘पी.डी.’ आणि ‘ई.डी.’. पहिल्याचा अर्थ जागा संशयास्पद, दुसऱ्याचा अर्थ असण्याबद्दलच संशय. होडीत बसून दोरीला शिसं बांधून मोजणाऱ्या त्या माणसांनी आपल्याला काय पक्कं माहीत आहे आणि काय नाही, हे छापून ठेवलं. ही शिस्त आजच्या डिजिटल नकाशांमधून निघून गेली आहे. तिथे ठिपका असतो किंवा नसतो. माझ्या डेटात प्रत्येक खडकासमोर ‘शंका’ असा रकाना ठेवायचा, हे मी चार्ट वाचतानाच ठरवलं. या सगळ्या खटाटोपात मला काही पोचवायचं असेल तर तो रकाना.

आता चार्ट जागेवर बसवणं. त्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्यातला जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅनला अक्षांश-रेखांश जोडणारं साधन, वापरला. चार्टच्या कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश भरले की झालं, असं वाटतं. पण त्या काळच्या हिंदुस्थानच्या चार्टांवर रेखांश मद्रास वेधशाळेच्या अमुक रेखांशावर बेतले आहेत, अशी टीप शीर्षकाखाली असते. अक्षांश सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून नीट काढता यायचा. रेखांश मात्र कुठल्यातरी वेधशाळेला बांधलेला असायचा. मद्रासचा आकडा पुढे सुधारला, त्यामुळे जुन्या चार्टवरचा सगळाच्या सगळा किनारा पूर्व-पश्चिम सरकलेला दिसतो. त्याखेरीज हिंदुस्थानच्या मोजणीचा पाया १८३० चा एव्हरेस्ट गोलाभ (पृथ्वीचा मोजणीसाठी धरलेला आकार), आणि आजच्या जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४. एवढ्यानेच आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. वर कागदाचं आकसणं. तांब्याच्या पत्र्यावरून ओल्या कागदावर छापलेला चार्ट वाळताना सगळीकडे सारखा आकसत नाही.

म्हणून कोपरे फक्त अंदाजासाठी वापरले आणि खरी पकड, म्हणजे चार्टवरची जागा आजच्या जागेशी जोडणारे बिंदू, न हललेल्या जागांवर घेतली : सिंधुदुर्गाचे बुरूज, पद्मगड, निवतीचा डोंगर, वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांच्या कातळी कडा. खाडीचं तोंड, वाळूचा दांडा, जेट्टी यांवर कधीही पकड घेऊ नका. दीपस्तंभ घेत असाल तर तो त्याच जागी पुन्हा बांधलेला आहे की दुसरीकडे, ते आधी पाहा. किल्ल्याच्या तटावर जिथे चालता येतं तिथे मी हातातला जीपीएस घेऊन फिरले, म्हणजे उपग्रहचित्रही सरकलेलं नाही ना ते कळलं. आणखी एक : ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत निवडली की सॉफ्टवेअर चूक शून्य दाखवतं, कारण ती पद्धत कागद ओढून-ताणून प्रत्येक बिंदूवर बसवतेच. त्या शून्यावर जाऊ नका. काही बिंदू आधीच बाजूला ठेवा, त्यांचा वापर करू नका, आणि शेवटी त्यांच्यावर चार्ट किती चुकतो ते मोजा. माझ्याकडे तो फरक बहुतेक ठिकाणी तीस-चाळीस मीटर आला. त्या काळच्या साधनांचा विचार केला तर हे काम थक्क करणारं आहे.

चार्ट बसल्यावर सगळ्यात मोठा फरक दिसला तो कर्ली नदीच्या मुखाशी. देवबागच्या वाळूच्या टोकाचा आकारच निराळा. तिथे जुनी रेघ आजच्या नकाशावर टाकणं म्हणजे लोकांची दिशाभूल. किनाऱ्याची रेघ मी सगळीकडे आजच्या चित्रांवरूनच काढली. जुनी रेघ वेगळ्या थरात, तिच्या सालासह ठेवली. धूप अभ्यासणाऱ्या कुणाला तिचा उपयोग होईल.

तिथी आणि उपग्रह (फेब्रुवारी २०२३)

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, १० मीटर बारकाव्याची, आणि दर पाच दिवसांनी नवीन. मला वाटलं होतं की उधाणाच्या मोठ्या ओहोटीची चार-दोन चित्रं काढली की सगळे खडक उघडे दिसतील. पण कितीही शोधलं तरी तसं चित्र मिळेना. कारण कळलं ते आजोळी लहानपणी ऐकलेल्या हिशोबातून. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. सेंटिनेल आपल्या किनाऱ्यावरून दर वेळी ठरलेल्या सूर्यवेळेला, अकराच्या सुमारास जातो. म्हणजे उधाणाच्या दिवशी तो नेमका भरभरतीलाच डोक्यावर असणार. त्याला ओहोटी सापडते ती सप्तमी-अष्टमीला, आणि तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असते. पाणी फारसं उतरतच नाही. या किनाऱ्याची मोठी ओहोटी त्या उपग्रहाला कधी दिसणारच नाही. जुन्या सर्वेक्षकाने मात्र ती ओहोटीच गाठून काम केलेलं होतं. त्याने दाखवलेले खडक उपग्रहचित्रात दिसत नाहीत म्हणून ‘आता नाहीत’ असं कुणी ठरवलं असतं तर ते साफ चुकलं असतं.

तेव्हा चित्रं सप्तमी-अष्टमीची घेतली, आणि उधाणाच्या ओहोटीला स्वतः जायचं ठरवलं. ५ फेब्रुवारी २०२३, रविवार, माघी पौर्णिमा. भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढे, उजेड असताना. वेळा सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ताडून घेतल्या. मामेभावाला बरोबर घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापासून सुरुवात केली. पाणी उतरत गेलं तसे चार्टवरच्या चांदण्यांच्या जागी खडप एकेक करून वर आले. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो शब्दांत मांडता येत नाही.

अशा वेळी जाणार असाल तर जाड तळाचे बूट घाला, कालवांनी पाय कापतात. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की लगेच मागे या. प्रत्येक फोटोची वेळ नोंदवा. वेळेशिवाय ‘खडक दिसत होता’ या वाक्याला अर्थ नाही. आणि एकटे जाऊ नका. तिथे कालवं काढायला आलेल्या बायकांशी बोलले. प्रत्येक खडपाला त्यांच्याकडे नाव होतं. चार्टवर त्याच जागी नुसती चिन्हं होती. ती नावं वहीत उतरवून घेतली. पुढे नकाशावरची मराठी नावं तिथूनच गेली.

तांडेल (जून-जुलै २०२३)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, बोलायला सवड असते. हाच काळ निवडा. मोबाइल किंवा लॅपटॉप नेऊ नका, मोठे प्रिंट न्या. मी पुण्यातून ए-१ आकाराचे प्रिंट काढून नेले, एकेक सव्वाशे-दीडशे रुपयांना पडला.

प्रिंट उत्तर दिशा वर ठेवून मांडला की कुणाला काही लागेना. तात्यांनी, म्हणजे ज्यांच्याकडे आम्ही बसलो होतो त्या तांडेलांनी, तो समुद्राच्या बाजूने फिरवून घेतला आणि मग भराभर बोटं पडायला लागली. त्यांच्या जागा खुणांवर असतात : अमुक देवळाचं शिखर तमक्या डोंगराच्या खळगीत आलं आणि दुसऱ्या बाजूला बेटाची कड किल्ल्याच्या बुरुजाला लागली, की खाली खडप. मी नकाशावर त्या दोन रेघा पट्टीने ओढायची. जिथे छेदतील तिथे ठिपका. इंग्रज सर्वेक्षकांनी चार्टवर दिलेल्या खुणांच्या रेघाही याच पद्धतीच्या आहेत. चार्टवर ‘पी.डी.’ लिहिलेल्या एका खडकाची जागा अशी दोन वेगवेगळ्या तांडेलांच्या खुणांवरून बसली, आणि दोन्ही ठिपके एकमेकांच्या अगदी जवळ आले. ‘ई.डी.’ असलेला एक मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. तो मी डेटात शंकेसह ठेवला, नकाशावर टाकला नाही.

इथेच एक गोष्ट झाली जिच्यामुळे कामाची दिशा थोडी बदलली. एका जागेवर मी ठिपका काढत होते तेव्हा तात्या म्हणाले, “बाय, थंयसर आमका म्हावरा गावता. ता नकाशार घालू नको.” रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) आणि छोट्या होडीवर जगणाऱ्या माणसांची ती मासे मिळण्याची जागा. पर्ससीन, म्हणजे वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, बोटींशी त्यांचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे, आणि खडपाची जागा जगजाहीर झाली की तिथे कोण पोचेल हे सांगायला नको. माहिती खुली असावी यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण ती माहिती माझी नव्हती. त्यानंतर प्रत्येक घरी मी दोन रंगांची पेनं ठेवली : लाल रंगाचं नकाशावर जाणार, निळ्याचं जाणार नाही. निळे कागद मी त्यांच्याकडेच ठेवून आले. होड्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेवरचे धोक्याचे खडक मात्र सगळ्यांनी आपण होऊन लाल केले.

होडीतून (ऑक्टोबर २०२३)

पाऊस संपून समुद्र शांत झाल्यावर एक होडी सकाळपुरती ठरवली, डिझेलसह ६,००० रुपये. आधी लेखी कळवावं म्हणून अर्ज केला. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. शेवटी एकच अर्ज, सगळ्यांची आधार कार्डं, होडीचा नोंदणी क्रमांक, जाण्या-येण्याची वेळ आणि ‘खोली मोजणार नाही, ड्रोन वापरणार नाही’ असं एक वाक्य, हे सगळं लिहून दोन्हीकडे देऊन पोच घेतली. त्या वाक्यानंतर कुणी काही विचारलं नाही. अर्जाची पोच आणि लाइफ जॅकेट, दोन्ही होडीत हवंच.

खडकाच्या जवळ जायची गरज नसते. लाट फुटते ती जागा दोन ठिकाणांहून होकायंत्राने घेतली की पुरते; तांडेलांचीच पद्धत. वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांपाशी, चार्टवर ज्यांना ‘बर्न्ट आयलंड्स’ म्हटलं आहे तिथे, आम्ही लांबूनच फेरी मारली, उतरलो नाही. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत आणि त्या घरट्यांची चोरी होऊन गेलेली आहे, म्हणून गुहांची कुठलीच नोंद डेटात ठेवली नाही.

नकाशावर टाकणं (डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४)

ओपनस्ट्रीटमॅपवर कुणीही काहीही टाकू शकतं, पण बाहेरून तयार केलेला डेटा एकगठ्ठा टाकण्याचे नियम आहेत : योजना लिहून मांडायची, हक्कांचा पुरावा द्यायचा, वेगळं खातं उघडायचं आणि इतरांच्या शंकांना उत्तरं द्यायची. डिसेंबर त्यात गेला. शंका योग्य होत्या. चार्टच्या आवृत्तीचं वर्ष विचारलं गेलं, स्कॅनच्या हक्काबद्दल विचारलं गेलं. वर सांगितलेल्या समासातल्या वर्षांचे फोटो आणि आरटीआयचे कागद तेव्हा कामी आले.

फेब्रुवारीत जोसम हे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये बदल करण्याचं सॉफ्टवेअर वापरून थोडं थोडं चढवलं. किनाऱ्याची रेघ काढताना जमीन डाव्या हाताला आणि पाणी उजव्या हाताला राहिलं पाहिजे. दिशा उलटली किंवा रेघ तुटली तर समुद्र जमिनीवर पसरलेला दिसतो, म्हणून त्या रेषेला हात लावण्याआधी शेजारचे जोड तपासा. बदल लगेच दिसले नाहीत तर घाबरून पुन्हा चढवू नका. किनारा बाकी नकाशापासून वेगळा तयार होतो, त्याला वेळ लागतो. खडकांसाठी सागरी खुणांचे ठरलेले टॅग आहेत. त्यात खडक कायम पाण्याखाली, लाटेच्या पातळीला, की झाकणारा-उघडणारा, हे लिहिता येतं. ते भरल्यावर ओपनसीमॅप या त्याच डेटावरच्या सागरी नकाशावरही खडक दिसतात. नाव मुख्य रकान्याबरोबर मराठीच्या रकान्यातही लिहा.

पूर्ण डेटा मार्चमध्ये झेनोडो या खुल्या भांडारात ठेवला. तिथे पैसे पडत नाहीत, कायमचा क्रमांक मिळतो, आणि सुधारित आवृत्ती टाकली तरी जुनी राहते. फाइल जिओपॅकेज या नकाशा-डेटाच्या खुल्या प्रकारात, परवाना सीसी झिरो (सगळे हक्क सोडून देणारा), सेंटिनेलच्या चित्रांचा ठरलेला उल्लेख सोबत. प्रत्येक नोंदीला स्रोत, चार्टच्या आवृत्तीचं साल, तपासणी कशी केली, अंदाजे चूक किती मीटर, आणि शंका. पहिल्याच ओळीत ‘नौकानयनासाठी वापरू नये’ असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं आहे. हे वाक्य कुणीही गाळू नये. होडी चालवायला अधिकृत चार्टच हवा, त्याला पर्याय नाही.

खर्च सगळा मिळून वीस हजारांच्या आसपास झाला. त्यात निम्म्याहून जास्त पुणे-मालवण प्रवास आणि होडी, बाकी प्रिंट, एक हार्ड डिस्क, टपाल. सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागला नाही.

आता आचरा ते देवगडचा भाग घेतला आहे. तिथला चार्ट बसवून झाला, उधाणाच्या ओहोटीची पाहणी बाकी आहे. जयगडच्या उत्तरेला कुणी सुरुवात करत असेल तर पकडीच्या बिंदूंची फाइल झेनोडोवर डेटाशेजारीच आहे, आणि अर्जांचे मसुदेही तिथेच ठेवले आहेत. नावं आणि क्रमांक काढून टाकले आहेत, तसेच्या तसे वापरता येतील.